तीन वेळा विश्वविजेता नेल्सन पिके: गाडी चांगली होती, की तो?

प्रश्न असा आहे: ब्राझीलचा तीनदा फॉर्म्युला वन विश्वविजेता म्हटलं की सगळे आयर्टन सेनाचं नाव घेतात. नेल्सन पिकेनेही १९८१, १९८३ आणि १९८७ अशी तीन विजेतेपदं घेतली. मग तो मागे का पडला? १९८७ मध्ये नायजेल मॅन्सेलने सहा शर्यती जिंकल्या, पिकेने तीनच, तरी विजेता पिके. हे नशीब नव्हे का? आणि १९८१ ची ब्रॅबम गाडी नियमबाह्य होती हे खरं का?

थोडक्यात सांगायचं तर गाडीही चांगली होती आणि तोही. पण हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, कारण त्या गाड्या चांगल्या होण्यात पिकेचाच मोठा हात होता. सेना एका फेरीत गाडीतून होतं नव्हतं ते सगळं पिळून काढायचा. पिके शुक्रवार-शनिवारी गाडीची सेटिंग अशी करून ठेवायचा की रविवारी पिळायची वेळच येऊ नये. शिवाय त्याला गुणांचं गणित पक्कं कळत होतं. त्याची कारकीर्द केवळ जिंकलेल्या शर्यतींच्या आकड्यावर मोजली की ती अर्धीच दिसते. पूर्ण आकडे असे: २०४ शर्यती, २३ विजय, २४ पोल (म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला सर्वांत पुढची जागा), ६० वेळा पहिल्या तिघांत.

सुरुवात थोडक्यात. जन्म १७ ऑगस्ट १९५२, रिओ द जानेरो. वडील एस्तासिओ सोतो मायोर डॉक्टर आणि राजकारणी, काही काळ ब्राझीलचे आरोग्यमंत्री. मुलाने टेनिस खेळावं ही त्यांची इच्छा. त्यासाठी त्याला कॅलिफोर्नियाला पाठवलंही होतं. पोराचा जीव मात्र कार्टिंगमध्ये. वडिलांना पत्ता लागू नये म्हणून तो आईचं माहेरचं आडनाव लावून, तेही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने, शर्यतीत उतरायचा. १९७१ आणि ७२ ला राष्ट्रीय कार्टिंग, १९७६ ला सुपर व्ही या छोट्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेचं विजेतेपद. घरून पैसा नाही म्हटल्यावर शिक्षण अर्धवट टाकून ब्राझिलियात गॅरेजमध्ये काम केलं. पुढे जे जे घडलं त्याची मुळं त्या गॅरेजमध्ये आहेत. आपली गाडी स्वतः खोलून जोडणारा ड्रायव्हर इंजिनिअरला ‘गाडी नीट वाटत नाही’ असं मोघम सांगत नाही. ‘वळणात शिरताना पुढचा भाग जातो, पण अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागचा सुटतो’ असं नेमकं सांगतो. या दोन तक्रारींचे इलाज वेगळे असतात, आणि दोन्ही एकदम सांगितल्या तर इंजिनिअर पहिल्यांदा डिफरन्शियलकडे, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेकडे, बघतो.

ब्राझीलचाच आधीचा विश्वविजेता इमर्सन फिटिपाल्डी याच्या सल्ल्याने तो १९७७ मध्ये युरोपात आला आणि १९७८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं एक विजेतेपद जिंकला. त्याच मोसमात जर्मनीत हॉकेनहाइमला एन्साइन टीमच्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण, मग एका खाजगी टीमच्या जुन्या मॅक्लारेनमध्ये तीन शर्यती, आणि मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला, कॅनडात, ब्रॅबम. बर्नी एक्लस्टनची टीम, डिझायनर गॉर्डन मरेची गाडी. १९७९ मध्ये टीमच्या दुसऱ्या गाडीत तेव्हाचा दोनदा विश्वविजेता निकी लाउडा होता. गाडीची चाचणी कशी घ्यायची, एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम कसा वेगळा काढायचा, हे शिकायला याहून चांगली शाळा त्या काळात नव्हती. त्याच मोसमात कॅनडात लाउडा सरावातच शर्यत सोडून निघून गेला आणि टीम पिकेभोवती उभी राहिली.

पहिला विजय ३० मार्च १९८०, लाँग बीच. पोल त्याचा, सर्वांत वेगवान फेरी त्याची, पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत आघाडीही त्याचीच. तिसरा आला फिटिपाल्डी, आणि पहिल्या तिघांत येण्याची फिटिपाल्डीची ती शेवटची वेळ ठरली. त्या वर्षी उरलेल्या दोन शर्यतींआधी पिके अ‍ॅलन जोन्सपेक्षा एका गुणाने पुढे होता. माँट्रियलला सुरुवातीलाच दोघांची टक्कर झाली, शर्यत थांबली, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा पिकेला राखीव गाडी घ्यावी लागली. त्या गाडीत पात्रता फेरीसाठी ताणून बनवलेलं इंजिन होतं. आघाडी मिळाली, इंजिन फुटलं, विजेतेपद गेलं. मोसमाच्या शेवटी राखीव गाडीत शर्यतीचं इंजिन बसवलेलं हवं, हा साधा नियम अनेक टीम असाच पैसे मोजून शिकल्या आहेत.

आता १९८१ ची गाडी. तोवर गाडीच्या दोन्ही बाजूंना जमिनीला टेकणारे, वरखाली सरकणारे पडदे असायचे. त्यांच्यामुळे गाडीखालची हवा कोंडून वेगाने जायची, खालचा दाब कमी व्हायचा आणि गाडी रस्त्याला चिकटायची. १९८१ साठी हे सरकते पडदे बंद झाले, आणि गाडीचा तळ जमिनीपासून किमान ६ सेंटीमीटर वर हवा असा नियम आला. मेख अशी की हे अंतर गाडी उभी असतानाच मोजता येत होतं. दोनशेच्या वेगाने धावणाऱ्या गाडीखाली पट्टी कोण धरणार?

मरेने ब्रॅबम बीटी४९सीला हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन बसवलं. हवेच्या मऊ स्प्रिंगा आणि त्यांना जोडलेले द्रवाचे सिलिंडर. गाडीने वेग घेतला की हवेचा दाब तिला खाली ढकलतो, सिलिंडरमधला द्रव बारीक छिद्रातून टाकीत जातो आणि गाडी बसते. छिद्र बारीक असल्याने द्रव परत यायला वेळ लागतो. इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक सुई लावून दट्ट्या ओढून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून मधल्या संथ वळणांवरही गाडी वर यायला सवड मिळत नाही, ती खालीच राहते. शर्यत संपली की ड्रायव्हर शेवटची फेरी सावकाश मारत येतो, तोवर द्रव परतलेला असतो, गाडी ६ सेंटीमीटरवर उभी, मोजणारे समाधानी. ड्रायव्हरच्या हातात एकही कळ नाही, त्यामुळे ‘ड्रायव्हर चालत्या गाडीत सस्पेन्शन बदलतो’ असा आरोपही टिकेना.

तेव्हा नियमबाह्य होती का? अक्षराने नाही, हेतूने हो, असं माझं मत. बाकीच्यांनी आरडाओरडा केला आणि मग आपापल्या गाड्यांना तशीच सोय करून घेतली. अनेकांनी तर सरळ कळच बसवली. पुढच्या वर्षी तो ६ सेंटीमीटरचा नियमच काढून टाकला गेला, यावरून काय ते समजावं. या पद्धतीचे तोटेही होते. बारीक छिद्रात कचरा अडकला किंवा एका बाजूचा सिलिंडर चिकटला की गाडी एका अंगावर कलून बसायची, आणि तळाखालची हवा एका बाजूने निसटली की चिकटण्याची ताकद क्षणात जायची. तसं व्हायचंच असेल तर ते वेगवान वळणाच्या मध्यावर व्हायचं. सुरुवातीच्या शर्यतींत ही यंत्रणा धड चालेना. एप्रिलमध्ये ब्यूनस आयर्सला चालली, आणि पिकेने पोलवरून शर्यत अशी जिंकली की कार्लोस रॉइटमन आपल्या घरच्या मैदानावर २६ सेकंद मागे राहिला.

त्याच मोसमात पिकेची घोडचूकही झाली. घरच्या झाकारेपाग्वा ट्रॅकवर, पोलवर उभा असताना, पावसात त्याने कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर लावून सुरुवात केली. रस्ता वाळेल हा हिशोब. पाऊस थांबलाच नाही, आणि पोलवाला बारावा आला.

शेवटची शर्यत १७ ऑक्टोबरला लास वेगासमध्ये, सीझर्स पॅलेस हॉटेलच्या पार्किंगच्या जागेत आखलेल्या ट्रॅकवर. रॉइटमन ४९, पिके ४८. ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने, फेऱ्या ७५, वाळवंटातलं ऊन. फॉर्म्युला वनचे बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या दिशेने असतात, त्यामुळे ड्रायव्हरच्या मानेचा एक बाजूचा स्नायू तयार असतो, दुसरा तेवढा नसतो. दीड तास उलटा भार पडल्यावर मान टिकत नाही. शेवटच्या फेऱ्यांत पिकेचं डोकं एका बाजूला लोळत होतं. तो पाचवा आला, २ गुण मिळाले. पोलवरून सुरुवात केलेला रॉइटमन आठवा, शून्य गुण. ५० विरुद्ध ४९. पिकेला गाडीतून बाहेर यायलाही वेळ लागला. तंदुरुस्तीच्या बाबतीत तो त्या काळातही काही आदर्श नव्हता.

१९८२ पासून बीएमडब्ल्यूचं टर्बो इंजिन, म्हणजे धुराच्या जोरावर पातं फिरवून जास्त हवा आत कोंबणारं. दीड लिटर, चारच सिलिंडर, आणि ब्लॉक चक्क रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या इंजिनाचा, बिडाचा. बीएमडब्ल्यूचा इंजिनतज्ज्ञ पॉल रोशे याच्या माणसांना बरेच चाललेले, जुने ब्लॉक आवडत, कारण ओतीव लोखंडातले आतले ताण वापराने आणि गरम-थंड होण्याने निवळलेले असतात. नवा ब्लॉक भाराखाली किंचित वाकतो आणि मग हेड गॅस्केट जातं. वर्षाची सुरुवात भयंकर झाली. डेट्रॉइटला गतविजेता पिके पात्रच ठरला नाही, आणि आठवड्याने माँट्रियलला त्याच इंजिनावर जिंकला. त्याआधी रिओत जिंकूनही तो अपात्र ठरला होता. ब्रेक थंड ठेवायच्या नावाखाली पाण्याची टाकी भरायची, ते पाणी सुरुवातीलाच उडवून टाकायचं आणि हलक्या गाडीने पळायचं, वजनाआधी टाकी पुन्हा भरायची, ही पळवाट तेव्हा अनेकांनी वापरली होती. हॉकेनहाइमला आघाडीवर असताना फेरीने मागे असलेल्या एलिसेओ सालाझारने त्याला धडकून बाहेर काढलं, आणि पिकेने उतरून कॅमेऱ्यासमोर त्याला ठोसे-लाथा घातल्या. पिके म्हटल्यावर अनेकांना एवढंच आठवतं, हे दुर्दैव.

टर्बो चालवायची रीत वेगळी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ताकद लगेच येत नाही; आधी टर्बोचं पातं फिरायला हवं, त्यात सेकंदभर किंवा जास्तच जातो. म्हणून वळणाच्या आत, गाडी अजून वळलेली असताना, गरज पडण्याआधी पाय द्यायचा, म्हणजे चाकं सरळ होतात त्याच क्षणी ताकद येते. पाय लवकर पडला तर ताकद वळणातच येते आणि मागची चाकं सुटतात. उशिरा पडला तर पुढची सरळ वाट वाया. शिवाय कॉकपिटमध्ये टर्बोचा दाब कमीजास्त करायचं बटण. दाब वाढवला की वेग वाढतो, पण सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी पेटायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. पिकेची कमाल या बटणात होती. कधी वाढवायचा हे सगळ्यांनाच कळतं. कधी कमी करून गप्प बसायचं हे त्याला कळायचं.

१९८३ साठी ऐन वेळी सपाट तळाचा नियम आला. मरेची तयार गाडी मोडीत गेली आणि तीनेक महिन्यांत बीटी५२ उभी राहिली: बाजूचे खोके जवळजवळ काढून टाकलेले, बाणासारखा आकार, वजन जमेल तेवढं मागच्या चाकांवर, कारण ती सगळी ताकद रस्त्यावर उतरवायची कामगिरी त्यांचीच. आणि पेट्रोलची टाकी मुद्दाम लहान. मधेच थांबून पेट्रोल भरायचं, हे तंत्र ब्रॅबमने १९८२ मध्ये आणलं होतं. शंभर लिटर पेट्रोल कमी म्हणजे ७५-८० किलो कमी, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांपेक्षा हलकी गाडी, शिवाय मऊ टायर. थांब्यात जाणारा वेळ त्याहून कमी पडला पाहिजे, एवढंच गणित. त्यासाठी पेट्रोल हवेच्या दाबाने टाकीत ढकललं जायचं, गाडी हवेच्या जॅकवर एका झटक्यात उचलली जायची, आणि नवे टायर आधीच गरम केलेले असायचे. कारण थंड टायरवर बाहेर पडलेला ड्रायव्हर पहिल्या फेरीतच थांब्याचा सगळा फायदा गमावतो. टायर तापवायची कल्पना पिकेच्या नावावरही सांगितली जाते. दाबाने पेट्रोल भरणं धोक्याचंच होतं. १९८४ पासून ते बंद झालं.

तीन शर्यती उरल्या तेव्हा अलँ प्रोस्त ५१, रेने आर्नू ४३, पिके ३७. चौदा गुणांची तूट, आणि विजयाला तेव्हा ९ गुण. मोसमाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूला जर्मनीतून टोल्यूनचं प्रमाण भरपूर असलेलं नवं इंधन मिळालं. टोल्यून जड असतं, लिटरमागे ऊर्जा जास्त, आणि ते वेळेआधी सहज पेटत नाही. म्हणजे पिस्टन न जाळता दाब वाढवता येतो. त्या इंधनावरून वाद झाले, निकाल मात्र बदलले नाहीत. मोन्झा पिकेने जिंकली, प्रोस्तची गाडी बंद पडली. ब्रँड्स हॅच पिकेने जिंकली, प्रोस्त दुसरा. ५७ विरुद्ध ५५ अशी स्थिती घेऊन दोघे १५ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला गेले.

तिथला डाव नीट बघण्यासारखा आहे. पिकेच्या गाडीत सुरुवातीला पेट्रोल फार कमी भरलं, इतकं की तो सुसाट सुटला आणि मागच्यांना वाटलं याला पकडायचं तर आताच. रेनोला, म्हणजे प्रोस्तला, पाठलागात टर्बोवर ताण द्यावा लागला. पिके लवकर थांबून परतला तरी पुढेच. पस्तिसाव्या फेरीला प्रोस्तचा टर्बो गेला. त्या क्षणापासून पिकेने दाब उतरवला, वेग कमी केला, सहकारी रिकार्डो पात्रेसेला पुढे जाऊ दिलं, आंद्रेया दे सेझारिसलाही जाऊ दिलं. चौथा आला असता तरी पुरलं असतं, तिसरा आला. ५९-५७. टर्बो इंजिनावर मिळवलेलं हे पहिलं ड्रायव्हर विजेतेपद. शेवटच्या तासात ‘जिंकूनच दाखवतो’ असा मोह धरला असता तर बीएमडब्ल्यूचं ते इंजिन टिकलं असतं याची खात्री कुणी दिली नसती.

पुढची दोन वर्षं पटकन. १९८४ मध्ये नऊ पोल आणि फक्त दोन विजय. शर्यतीला २२० लिटर पेट्रोलची मर्यादा आली, इंजिनं फुटत राहिली. कॅनडात जिंकला तेव्हा गाडीच्या नाकात बसवलेल्या कूलरच्या उष्णतेने त्याचा पाय भाजला होता. १९८५ मध्ये पिरेली टायर, हिवाळाभर क्यालामीला चाचण्या, आणि फळ एकच: पॉल रिकारचा विजय. एक्लस्टन पैसे वाढवेना, तेव्हा पिके होंडा इंजिन वापरणाऱ्या विल्यम्स टीमकडे गेला.

१९८६ च्या मोसमाआधी टीमचे मालक फ्रँक विल्यम्स यांचा मोटार अपघात झाला आणि ते कायमचे अपंग झाले. पिकेचं म्हणणं, आपल्याला पहिल्या क्रमांकाचा ड्रायव्हर म्हणून करारबद्ध केलंय. टीमने मात्र त्याचा सहकारी मॅन्सेल याला रोखलं नाही. टीम दोन गटांत वाटली गेली. पिके आपली सेटिंग लपवू लागला: सराव संपता संपता गाडी मुद्दाम वेगळ्या स्थितीत ठेवायची, आणि खरी सेटिंग शर्यतीच्या सकाळी करायची. हंगेरीत १० ऑगस्टला त्याच्या गाडीत वेगळं डिफरन्शियल होतं, मॅन्सेलला त्याचा पत्ता नव्हता, असं सांगतात. निकाल असा की मॅन्सेल तिसरा आला, पण एक फेरी मागे.

त्याच शर्यतीतलं सेनाला मागे टाकणं प्रसिद्ध आहे. नवा ट्रॅक, मुख्य वाट सोडली तर सगळीकडे धूळ. पिके आधी पहिल्या वळणावर आतल्या बाजूने घुसला, धुळीवर ब्रेक लागले नाहीत, गाडी बाहेर गेली, सेना परत पुढे. मग थोड्याच वेळात त्याने बाहेरून प्रयत्न केला. ब्रेक सेनापेक्षाही उशिरा, गाडी चारही चाकांवर घसरतेय, स्टिअरिंग वळणाच्या उलट फिरवलेलं, आणि तरी ती वाटेवर राहिली. बाहेरून गेल्यावर वळण संपताना पुढच्या वळणाची आतली बाजू आपोआप मिळते, हा त्यामागचा हिशोब. तो जमायला मागचा भाग सुटल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नसतो. सोडला की वजन पुढे येतं आणि गाडी गरकन फिरते.

मोसमाचा शेवट अ‍ॅडलेडला. मॅन्सेलचा मागचा टायर सरळ वाटेवर फुटला, पिके आघाडीवर आला, आणि टीमने त्याला टायर बदलायला आत बोलावलं. प्रोस्त निघून गेला, पिके ४.२ सेकंदांनी दुसरा. बोलावणं बरोबर होतं. एका गाडीचा टायर असा फुटल्यावर दुसऱ्या गाडीला तसल्याच टायरवर धावत राहायला सांगणं, हे कुठलाच शहाणा इंजिनिअर करणार नाही.

आता १९८७, म्हणजे प्रश्नातला खरा मुद्दा. १ मेला इमोलाच्या सरावात टांबुरेलो वळणावर पिकेची गाडी भिंतीवर आदळली. टायरचा संशय आला, गुडइयरने तिथले टायर मागे घेतले. डॉक्टर सिड वॉटकिन्सनी पिकेला शर्यतीची परवानगी नाकारली. डोक्याच्या मारामुळे पुढे कितीतरी काळ झोप लागत नव्हती आणि अंतराचा अंदाज चुकत होता, हे त्याने नंतर सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर गाडी हातची गेली असती.

पहिल्यासारख्या वेगाची खात्री नाही, तर मग काय करायचं? त्या काळी गुण ९-६-४-३-२-१ असे, आणि १६ शर्यतींपैकी सर्वोत्तम ११ निकाल धरायचे. पिकेचं पान असं: तीन विजय, सात वेळा दुसरा, एकदा तिसरा, एकदा चौथा. म्हणजे २७ अधिक ४२ अधिक ४ अधिक ३, एकूण ७६. बारा निकालांपैकी सर्वांत लहान, चौथ्या क्रमांकाचा, वगळला की ७३. मॅन्सेल सहा विजय, एकूण ६१. सहा विजयांचे ५४ गुण, मग उरलेल्या मोसमात फक्त सात! म्हणजे मॅन्सेल जिंकला तेव्हा जिंकला, नाही जिंकला तेव्हा बहुतेकदा काहीच घेऊन आला नाही. यात नशीब होतंच. हंगेरीत मॅन्सेलच्या चाकाचा नट आघाडीवर असताना निघून पडला आणि पिके जिंकला. पण सात वेळा दुसरा येणं नशिबाने होत नाही.

पिकेचा हिशोब चुकायचाही. सिल्व्हरस्टोनला तो टायर न बदलता शेवटपर्यंत जायच्या बेताने आघाडीवर होता. मॅन्सेलच्या चाकाचा तोल साधणारं वजन सुटून गाडी थरथरू लागली, त्याने नाइलाजाने टायर बदलले, आणि २८ सेकंदांची तूट २८ फेऱ्यांत भरून काढली. स्टो वळणाआधी एका बाजूला हूल, दुसऱ्या बाजूने आत. पिकेचे टायर संपलेले होते. तो काही करू शकला नाही.

त्याचं उत्तर मोन्झाला आलं. विल्यम्स संगणकाने गाडीची उंची सांभाळणारं सस्पेन्शन तयार करत होती. लोटसचं तसलं सस्पेन्शन आधी जिंकलं होतं, पण विल्यम्सचं साधं, इंजिनाची ताकद कमी खाणारं. चाचण्यांचा कंटाळवाणा भार पिकेने उचलला. गाडी ब्रेकमध्ये नाक खुपसत नाही, वेग घेताना मागे बसत नाही, तळाची उंची कायम. त्यामुळे हवेचा दाबही कायम आणि टायरही कमी झिजतात. मोन्झात ही गाडी एकट्या पिकेकडे होती. न थांबता जायचा डाव खेळणारा सेना एका मागे पडलेल्या गाडीला ओलांडताना पाराबोलिका वळणावर बाहेर गेला, आणि पिके १.८ सेकंदांनी जिंकला. सुझुकाला मॅन्सेल सरावात आदळला, पाठीला मार लागला, आणि विजेतेपदाचा प्रश्न तिथेच मिटला.

पुढे १९८८ मध्ये लोटस. इंजिन तेच होंडा, ज्यावर मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या; पिकेला तीन तिसरे क्रमांक आणि २२ गुण. ‘त्या काळी होंडा मिळालं की झालं’ म्हणणाऱ्यांनी हा मोसम पाहावा. गाडीचा सांगाडाच ढिला असेल तर सेटिंग कितीही बदला, बदल ड्रायव्हरपर्यंत पोचतच नाही. पण हेही खरं की त्या दोन वर्षांत पिकेचं मनही लागलेलं दिसत नाही. १९८९ मध्ये स्पाला दोन्ही लोटस गाड्या पात्रच ठरल्या नाहीत.

१९९० मध्ये बेनेटनने त्याला गुणांमागे पैसे अशा करारावर घेतलं, आणि माणूस जागा झाला. सुझुकाला सेना-प्रोस्त पहिल्याच वळणावर एकमेकांवर आदळले, बाकीचेही गळले, आणि पिके जिंकला. दुसरा रॉबेर्तो मोरेनो, त्याचा ब्राझिलियातला जुना मित्र. अ‍ॅडलेडची पुढची शर्यतही जिंकून तो मोसमात तिसरा. २ जून १९९१ ला माँट्रियलला मॅन्सेल शेवटच्या फेरीत प्रेक्षकांना हात करत असताना त्याची गाडी बंद पडली, आणि खूप मागे असलेला पिके तेविसावा, शेवटचा विजय घेऊन गेला. त्या मोसमाच्या शेवटी शेजारच्या गाडीत बसलेला पोरगा मिखाएल शूमाकर. अ‍ॅडलेडनंतर पिके थांबला.

थांबला म्हणजे फॉर्म्युला वनपुरता. ७ मे १९९२ ला इंडियानापोलिसच्या सरावात चौथ्या वळणावर त्याची गाडी फिरली आणि नाकाने भिंतीवर गेली. दोन्ही पायांचा चुराडा. ओव्हल ट्रॅकवर युरोपातून आलेल्या ड्रायव्हरला पहिली गोष्ट सांगतात ती ही: मागचा भाग सुटला की उलटं स्टिअरिंग मारून वाचवायला जाऊ नका. टायरला अचानक पकड मिळाली तर गाडी सरळ उजवीकडच्या भिंतीकडे उडते. फिरू द्या, म्हणजे मागच्या किंवा बाजूच्या अंगाने आदळेल. आयुष्यभराची सवय मात्र हातांना उलटंच सांगते. पुढच्या वर्षी तो तिथे परतला, पात्रही ठरला. इंजिनाने साथ दिली नाही. पुढे ल माँची २४ तासांची शर्यत, ब्राझीलची मिल मिल्यास लांब पल्ल्याची शर्यत (१९९७ मध्ये मॅक्लारेन एफ१ जीटीआरमधून आणि २००६ मध्ये मुलाबरोबर अ‍ॅस्टन मार्टिनमधून जिंकलेली), आणि ट्रकांचा उपग्रहाद्वारे माग ठेवणारा ऑटोट्रॅक हा व्यवसाय.

मग नाव मागे का? सेना १९९४ मध्ये चालत्या गाडीत गेला आणि ब्राझीलने त्याला देव्हाऱ्यात बसवलं; त्याच्या शेजारी कुणालाच जागा उरली नाही. दुसरं कारण पिकेचं तोंड. प्रतिस्पर्ध्यांबद्दल, त्यांच्या घरच्यांबद्दल तो नको ते बोलला, आणि २०२२ मध्ये लुईस हॅमिल्टनबद्दलचे त्याचे वंशद्वेषी शब्द बाहेर आल्यावर त्याला जाहीर माफी मागावी लागली. खेळाने त्याच्याकडे पाठ फिरवली असेल तर त्याला बऱ्याच अंशी तोच जबाबदार. ड्रायव्हर म्हणून त्याचा हिशोब मात्र वेगळा ठेवायला हवा. एका फेरीच्या वेगात सेना आणि प्रोस्तच्या खाली मी त्याला ठेवीन. गाडी घडवण्यात सेनाच्या वर.

जुन्या शर्यती बघायच्या असतील तर फक्त विजय बघू नका. क्यालामी १९८३ मध्ये पहिल्या वीस फेऱ्यांतला त्याचा वेग आणि शेवटच्या वीस फेऱ्यांतला वेग ताडून बघा. हंगेरी १९८६ मध्ये बाहेरून टाकलेला डाव सगळेच दाखवतात, पण त्याआधीचा आतून फसलेला प्रयत्न लावून बघा. सिल्व्हरस्टोन १९८७ मध्ये मॅन्सेलवरची नजर काढून शेवटच्या दहा फेऱ्यांत पिकेची गाडी वळणातून बाहेर पडताना किती रुंद जाते ते पाहा. टायर कुठल्या फेरीला संपले ते तिथे दिसतं.